आधी फोटॉन मोजा, मग आरसा मागवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्यापीठातल्या एका लहान गटाला साउंडिंग रॉकेटवर (काही मिनिटं अवकाशात जाऊन परत खाली येणारं रॉकेट) अतिनील दुर्बीण बसवून आंतरतारकीय वायूचा नकाशा करायचा आहे. आरसा केवढा घ्यावा, डिटेक्टर कोणता, किती वर्षं धरावीत आणि मुळात पाच-सहा मिनिटांच्या उड्डाणातून काही हाती लागतं का, असं त्यांनी विचारलंय. या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. काही उड्डाणं चांगली झाली, एक पूर्ण वाया गेलं. त्यामुळे उत्तर लांबेल.

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते. हाती लागतं, आणि खूप लागतं. ताऱ्यांमधल्या जागेत हायड्रोजनचे रेणू आहेत याचा पहिला थेट पुरावा रॉकेटवरूनच मिळाला. मार्च १९७० मध्ये जॉर्ज कॅरुदर्स यांनी न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सहून एरोबी रॉकेटवर आपला वर्णपटलेखक पाठवला. त्यांनी ययाती तारकासमूहातले दोन तारे निवडले होते, क्साय आणि एप्सिलॉन. क्सायचा प्रकाश दाट धुळीतून येतो, एप्सिलॉनचा तुलनेने मोकळ्या वाटेने. क्सायच्या वर्णपटात रेणवीय हायड्रोजनचे शोषणपट्टे दिसले, एप्सिलॉनच्या दिसले नाहीत. एकच यंत्र, एकच रात्र, दोन तारे, आणि उत्तर त्या दोघांच्या फरकात. प्रयोगाची ही आखणी मला आजही शिकण्यासारखी वाटते, कारण तिथे प्रश्न यंत्राच्या आधी ठरलेला होता.

अतिनीलच का, हेही सांगते, कारण पुढचे सगळे निर्णय त्यातून निघतात. हायड्रोजनचा रेणू दोन सारख्या अणूंचा, पूर्ण सममित. त्यामुळे थंड ढगात तो रेडिओ लहरींत जवळजवळ गप्प असतो. रेडिओवाले त्याच्या जागी कार्बन मोनॉक्साइडची २.६ मिलिमीटरची रेषा, म्हणजे त्या ठरावीक तरंगलांबीची चमक, बघतात आणि त्यावरून हायड्रोजनचा अंदाज बांधतात. पण ढगाच्या कडेला ताऱ्यांचा उजेड कार्बन मोनॉक्साइड फोडून टाकतो आणि हायड्रोजनचे रेणू मात्र टिकून राहतात. तिथे रेडिओचा नकाशा कोरा दिसतो, वायू मात्र असतो. हायड्रोजन रेणूच्या ठळक रेषा सुमारे १११ नॅनोमीटर तरंगलांबीच्या खाली सुरू होतात. दुसऱ्या टोकाला तीन लाख अंशांच्या आसपासचा तप्त वायू. आकाशगंगेभोवती असा तप्त वायू असावा, हे लायमन स्पिट्झर यांनी १९५६ साली मांडलं. पाच इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या १०३.२ आणि १०३.८ नॅनोमीटरच्या रेषा ही त्याची खूण, आणि १९७२ मध्ये गेलेल्या कोपर्निकस उपग्रहाने त्या शोधल्या. म्हणजे ९१.२ ते १११ नॅनोमीटर एवढ्याशा पट्टीत सगळ्यात थंड वायूचीही सही आहे आणि तप्त वायूचीही. ९१.२ च्या खाली आपल्या आसपासचा अणुरूप हायड्रोजनच प्रकाश गिळून टाकतो.

या पट्टीत आज काम करणारी यंत्रं फार थोडी आहेत. हबलचं बहुतेक अतिनील काम ११५ नॅनोमीटरच्या वर चालतं. अ‍ॅस्ट्रोसॅटवरच्या यूव्हीआयटी दुर्बिणीची दूर-अतिनील खिडकी १३० ते १८० नॅनोमीटरची आहे. फ्यूज उपग्रह १९९९ ते २००७ याच भागात काम करत होता, पण तो एकेका बिंदूचा वर्णपट घ्यायचा. पसरलेल्या वायूचा नकाशा काढायला तो बनवलेला नव्हता. तेव्हा रॉकेटला इथे अजून भरपूर जागा आहे.

आता मुद्द्याचं. ‘आंतरतारकीय वायूचा नकाशा’ हा विषय झाला, प्रश्न नाही. प्रश्न असा हवा: अमुक सुपरनोव्हा अवशेषाच्या (स्फोट झालेल्या ताऱ्याच्या मागे उरलेल्या वायूच्या) अमुक तंतूमध्ये धक्कालहरीच्या मागे ऑक्सिजनच्या त्या दोन रेषांची तेजस्विता किती वेगाने उतरते? किंवा: अमुक ताऱ्याजवळच्या ढगाच्या कडेपासून आत जाताना हायड्रोजन रेणूची प्रस्फुरणाची (शोषलेला प्रकाश परत सोडण्याची) चमक कुठे संपते? प्रश्न असा असला की रेषा ठरते, रेषेवरून आरशावरचा लेप ठरतो, लेपावरून डिटेक्टर, आणि आरशाचा आकार शेवटी. बहुतेक नवे गट हे उलट्या क्रमाने करतात. आरसा मिळालेला असतो आणि मग त्याला शोभेल असा प्रश्न शोधला जातो.

वेळ किती मिळतो, ते आधी बघू. ओझोन साधारण ३०० नॅनोमीटरच्या खालचा आणि ऑक्सिजन २०० च्या खालचा प्रकाश अडवतो. बलून ४० किलोमीटरवर गेला तरी दूर-अतिनील दिसत नाही. शंभर किलोमीटरच्या बरंच वर जावंच लागतं. समजा रॉकेट ३०० किलोमीटरपर्यंत चढलं. तिथून १०० किलोमीटरपर्यंत पडायला सुमारे २१० सेकंद लागतात, चढताना तेवढेच. म्हणजे सात मिनिटं. त्यातून गिरकी थांबवणं, दुर्बिणीचं दार उघडणं, तारे ओळखून लक्ष्यावर स्थिरावणं आणि शेवटी दार बंद करणं वजा करा. खऱ्या निरीक्षणाला ३०० सेकंद धरा. जास्त मिळाले तर आनंद.

आता पसरलेल्या तप्त वायूचा हिशेब करून दाखवते. कागद घेऊन सोबत करा.

आरसा ५० सेंटिमीटरचा. ब्लॅक ब्रँट ९ सारख्या रॉकेटवर खगोलशास्त्राच्या पेलोडला, म्हणजे रॉकेटने वर न्यायच्या उपकरणाला, साधारण ५६ सेंटिमीटर व्यासाचं आवरण मिळतं, त्यामुळे यापेक्षा फार मोठा बसणार नाही. क्षेत्रफळ १,९६० चौरस सेंटिमीटर; दुय्यम आरशाची सावली वजा जाता १,७०० म्हणू. प्रकाश मुख्य आरशावर, दुय्यम आरशावर आणि ग्रेटिंगवर (प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करणाऱ्या बारीक रेघांच्या पृष्ठभागावर) असा तीनदा परावर्तित होतो. १०३ नॅनोमीटरला चांगला ताजा लेप असेल तर प्रत्येक वेळी ६५ टक्के टिकतो: तीनदा गुणलं की २७ टक्के. ग्रेटिंग त्यातला सगळा उजेड हव्या त्या दिशेला पाठवत नाही. ४० टक्के धरू. डिटेक्टर दर १०० फोटॉनांतले, म्हणजे प्रकाशकणांतले, ३५ मोजतो. सगळं गुणून परिणामी क्षेत्रफळ उरतं सुमारे ६५ चौरस सेंटिमीटर. एवढ्या मोठ्या आरशाचं तळहाताएवढं झालं.

स्लिट, म्हणजे प्रकाश आत घेणारी चीर, १० विकला रुंद आणि ३० कला लांब (अंशाच्या ६० कला, कलेच्या ६० विकला), म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाएवढी लांब. तिच्यातून दिसणाऱ्या आकाशाच्या तुकड्याचा घनकोन होतो ४.२ गुणिले दहाचा उणे सातवा घात स्टेरेडियन. पसरलेल्या वायूची तेजस्विता या रेषेत दर चौरस सेंटिमीटर, दर सेकंद, दर स्टेरेडियन काही हजार फोटॉन असते, ५,००० घेऊ. गुणाकार करा: सेकंदाला ०.१४ फोटॉन. तीनशे सेकंदांत ४१.

पूर्ण उड्डाणात एकेचाळीस फोटॉन! आणि डिटेक्टरची स्वतःची गणती असतेच. चौरस सेंटिमीटरमागे सेकंदाला अर्धी धरली आणि रेषेने डिटेक्टरवर ०.२ चौरस सेंटिमीटर जागा व्यापली, तर ३०० सेकंदांत ३० खोट्या गणत्या. एकूण ७१, त्याचं वर्गमूळ ८.४, आणि मोजणीतली अनिश्चितता तेवढीच. म्हणजे संकेत अनिश्चिततेच्या जेमतेम पाचपट. रेषा आहे एवढं खात्रीने म्हणता येईल, तिचा नकाशा विसरा.

आता तोच हिशेब लेप थोडा खराब झाल्यावर करा. ६५ च्या जागी ५० टक्के. तीनदा गुणलं की साडेबारा. ४१ फोटॉनांचे १९ झाले, खोट्या गणत्या ३० च राहिल्या, आणि संकेत २.७ पटींवर आला. शोधनिबंध गेला. उलट आरसा ५० वरून ५५ सेंटिमीटर करून फक्त २१ टक्के मिळतात, तेही आवरणात मावला तर. म्हणून मी म्हणते की आरशाच्या आकारावर भांडत बसू नका, लेपावर जीव टाका. आणि पसरलेल्या उजेडाला नुसतं क्षेत्रफळ पुरत नाही. क्षेत्रफळ आणि घनकोन यांचा गुणाकार बघायचा. स्लिट तिप्पट रुंद केली की फोटॉन तिप्पट, मोबदल्यात वर्णपटाची विभेदनक्षमता जाते. ती किती परवडेल हे पुन्हा तुमचा प्रश्नच सांगतो. १०३.८ च्या रेषेला कार्बनची १०३.७ ची रेषा खेटून बसलेली आहे; त्या दोघी वेगळ्या दिसायला हव्या असतील तर स्लिट फार रुंद करून चालणार नाही.

या हिशेबात मी एक गोष्ट मुद्दाम बाहेर ठेवली होती: पृथ्वीची स्वतःची चमक. पृथ्वीभोवतीच्या विरळ हायड्रोजनमधून सूर्याची लायमन-अल्फा ही हायड्रोजनची रेषा विखुरते, १२१.६ नॅनोमीटरला. मध्यरात्रीही ती साधारण दोन हजार रॅले असते. एक रॅले म्हणजे आपल्या मघाच्या एककात जवळजवळ ८०,०००. म्हणजे लायमन-अल्फा १६ कोटी आणि आपला वायू ५,०००. बत्तीस हजार पट! ग्रेटिंगवर विखुरलेल्या प्रकाशाचा एक दशसहस्रांश भाग जरी चुकीच्या जागी पडला तरी तो आपल्या रेषेपेक्षा तिप्पट भरतो. म्हणून ग्रेटिंग निवडताना त्याच्या कार्यक्षमतेआधी विखुरणं मोजून मागा, आतल्या भिंतींचे अडथळे नीट आखा, आणि लायमन-अल्फा डिटेक्टरच्या बाहेर पडेल किंवा एखाद्या काळ्या सापळ्यात जाईल अशी रचना करा. शिवाय हायड्रोजनचीच लायमन-बीटा १०२.६ ला आणि ऑक्सिजनची वातावरणातली रेषा १०२.७ ला, म्हणजे आपल्या लक्ष्याच्या अगदी शेजारी. रात्रीचंच उड्डाण मागा.

इथे माझं स्पष्ट मत सांगते. पहिल्यांदाच करत असाल तर १०३ नॅनोमीटरला हात घालू नका. हायड्रोजनचा रेणू ताऱ्याचा अतिनील प्रकाश शोषून घेतो आणि बहुतेक वेळा जास्त तरंगलांबीवर परत सोडतो. त्या प्रस्फुरणाची ठळक शिखरं १५७.८ आणि १६०.८ नॅनोमीटरला येतात. तिथे काम शंभर पटींनी सोपं आहे. मॅग्नेशियम फ्लोराइडचा लेप चालतो, तो तगडा असतो. डिटेक्टर बंद काचनळीत, खिडकीसकट मिळतो. आणि स्फटिकांच्या खिडक्याच गाळणीचं काम करतात: कॅल्शियम फ्लोराइड साधारण १२३ नॅनोमीटरच्या खालचं अडवतो, म्हणजे लायमन-अल्फा तिथेच थांबली, बेरियम फ्लोराइड १३५ च्या खालचं अडवतो, म्हणजे ऑक्सिजनची १३०.४ ची चमकही गेली. कोरियाच्या उपग्रहावर २००३ मध्ये गेलेल्या फिम्स नावाच्या यंत्राने या भागात आकाशाचा नकाशा केला आहे. कुठे किती चमक आहे, ते त्यावरून काढता येतं. त्याच्या नकाशात जे ढोबळ दिसतं ते एका ढगापुरतं बारकाईने बघणं, हा पहिल्या रॉकेटसाठी उत्तम प्रश्न आहे.

तरीही १०३ च करायचं असेल, तर पुढचं नीट वाचा.

अ‍ॅल्युमिनियम हा दूर-अतिनीलला उत्तम आरसा, पण हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा थर येतो आणि तो आंधळा होतो. म्हणून त्याच निर्वातात लगेच वरून फ्लोराइडचा थर द्यावा लागतो. मॅग्नेशियम फ्लोराइड ११५ च्या खाली चालत नाही. लिथियम फ्लोराइड १०३ पर्यंत नेतो, पण त्याला दमट हवा सोसत नाही. सिलिकॉन कार्बाइड त्याहीखाली जातो, परावर्तन मात्र निम्म्याहूनही कमी. फ्यूजने म्हणूनच काही आरसे लिथियम फ्लोराइडचे आणि काही सिलिकॉन कार्बाइडचे ठेवले होते. अलीकडे आरसा तापवून लिथियम फ्लोराइड चढवतात आणि वरून दुसऱ्या फ्लोराइडचा अगदी पातळ थर देतात. त्याने परावर्तनही वाढतं आणि टिकाऊपणाही.

लिथियम फ्लोराइडच्या आरशासोबत त्याच लेपाच्या खेपेत नाण्याएवढे आठ-दहा काचेचे तुकडे लेपून घ्या. आम्ही त्यांना साक्षीदार म्हणतो. आरसा जिथे जाईल तिथे साक्षीदार जातो, त्याच डब्यात, त्याच हवेत. आमच्या एका पेलोडच्या वेळी आरशाच्या डब्यात कोरडा नायट्रोजन सतत सोडलेला होता. शनिवारी सिलिंडर संपला, दुसरा आपोआप सुरू व्हायला हवा होता, झाला नाही. सोमवारी सकाळी मी डबा बघितला तेव्हा आरसा चकचकीत, डाग नाही, ओरखडा नाही. डोळ्याला काहीच कळत नव्हतं. साक्षीदार तुकडा निर्वात कक्षात घातला: १२१.६ ला पूर्वीइतकाच, १०३ ला एक तृतीयांश उतरलेला. आरसा पुन्हा लेपायला पाठवला, दोन महिने गेले. तो तुकडा नसता तर खराब आरसा तसाच उडाला असता आणि आम्ही अंतराळात वायू नाही असा निष्कर्ष लिहिला असता. तेव्हापासून माझ्याकडे आर्द्रतेची नोंद दर दहा मिनिटांनी होते आणि दुसऱ्या सिलिंडरवरचा बदल हाताने तपासलेला असतो.

दमटपणाइतकाच घातक तेलकट थर. सिलिकोनचा गोंद, साधी चिकटपट्टी, वायरीचं स्वस्त आवरण यांतून निघणारी वाफ थंड आरशावर काही अणूंच्या जाडीचा थर बसवते आणि दूर-अतिनील तिथेच संपतो. आत जाणारी प्रत्येक वस्तू निर्वातात तापवून, वाफ काढून मगच बसवा. स्क्रूसुद्धा.

डिटेक्टर बहुतेक मायक्रोचॅनल प्लेटचा असेल. काचेच्या चकतीत केसाहून बारीक लाखो नळ्या. फोटॉनने एक इलेक्ट्रॉन उडवला की नळीच्या भिंतीवर आपटत त्याचे लाखो होतात आणि मागचं इलेक्ट्रॉनिक्स त्याची जागा आणि वेळ नोंदवतं. वरच्या पृष्ठभागावर सीझियम आयोडाइड किंवा पोटॅशियम ब्रोमाइडचा थर देतात, तोही दमटपणाला भितो. १०३ ला चालणारी खिडकीच नाही, त्यामुळे डिटेक्टर उघडा असतो, निर्वातात सांभाळलेला आणि काही हजार व्होल्टवर.

वाया गेलेलं उड्डाण याच व्होल्टेजने गेलं. प्रयोगशाळेत आम्ही पेलोड पंपावर तासन्‌तास ठेवून शेकडो वेळा व्होल्टेज चढवलं होतं, एकदाही तक्रार नाही. उड्डाणात ११० व्या सेकंदाला ते चढवलं आणि लगेच संरक्षक मंडलाने तोडलं. पुन्हा चढवलं, पुन्हा तुटलं. तिसऱ्यांदा टिकलं तेव्हा रॉकेट परत खाली निघालं होतं. नंतर कारण सापडलं. इलेक्ट्रॉनिक्सच्या भागात एका कनेक्टरच्या मागे, भरलेल्या रेझिनखाली मटाराच्या दाण्याएवढी पोकळी होती. जमिनीवर पंपाला तास मिळत असल्याने तिच्यातली हवा हळूहळू निघून जायची. रॉकेट मात्र दीड मिनिटात हवेतून निर्वातात जातं. पोकळीतली हवा तेव्हा झिरपत होती आणि दाब नेमका ठिणगी पडायला सोयीचा, ना धड हवा ना धड निर्वात. आम्ही बारीक भोक पाडून ती पोकळी मोकळी केली. त्यानंतर मी एक चाचणी सक्तीची केली: पेलोड उड्डाणाच्याच वेगाने निर्वात करायचं आणि उड्डाणाच्याच सेकंदाला व्होल्टेज चढवायचं. तुम्हीही करा. निवांत पंप करून घेतलेली चाचणी या बाबतीत काहीच सांगत नाही.

नकाशा कसा काढायचा, यात तीन वाटा आहेत. लांब स्लिट एकाच जागी ठेवून एक रेघ घ्यायची. स्लिट ढगावरून हळूहळू सरकवत न्यायची. किंवा प्रतिमेच्या चकत्या कापून सगळ्यांचे वर्णपट एकदम घ्यायचे. तिसरी वाट कोलोरॅडो विद्यापीठाच्या इन्फ्यूज प्रयोगाने घेतली. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी व्हाइट सँड्सहून हंस तारकासमूहातल्या सिग्नस लूप या सुपरनोव्हा अवशेषाकडे रोख धरला आणि प्रतिमा २६ स्लिटांत कापली. सुंदर आखणी आहे, पण त्यात आरशांचे जास्तीचे पृष्ठभाग येतात, आणि प्रत्येक पृष्ठभाग काय मागतो ते मघाच्या गुणाकारात पाहिलंच. सरकवण्याच्या वाटेत ३०० सेकंद सगळ्या जागांना वाटून जातात: दहा जागा घेतल्या तर प्रत्येकीला ३०. तेजस्वी तंतू असेल तर परवडतं, फिका ढग असेल तर नाही. पहिल्या उड्डाणाला मी लांब स्लिट दोन किंवा तीन जागी ठेवीन, त्यातली एक जागा ढगाबाहेरच्या रिकाम्या आकाशाची. रिकाम्या आकाशाला वेळ देणं जिवावर येतं, पण ते नसेल तर वायूची चमक कोणती आणि पृथ्वीची कोणती हे सांगताच येत नाही.

लक्ष्य निवडताना धूळ विसरू नका. दृश्य प्रकाशात एक प्रत (तेजाची एक पायरी, सुमारे अडीचपट) अंधारवणारी धूळ १०० नॅनोमीटरच्या आसपास चार ते पाच प्रती अंधारवते, म्हणजे शंभरातले एक-दोन फोटॉनच पोहोचतात. छायाचित्रात देखणा दिसणारा ढग अतिनीलमध्ये काळा असू शकतो. आणि दक्षिणेकडचं लक्ष्य असेल तर तळ बदलावा लागतो; २०२२ मध्ये नासाने ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम तळावरून तीन रॉकेटं सोडली, ती तिथलंच आकाश हवं होतं म्हणून.

रॉकेटच्या बाजूबद्दल थोडक्यातच सांगते. मोटर, दिशानियंत्रण, टेलिमेट्री (आकडे रेडिओने जमिनीवर पाठवणं), पॅराशूट हे सगळं रॉकेट देणारी संस्था सांभाळते आणि त्यांना ते तुमच्यापेक्षा चांगलं येतं. तुम्ही कंपन चाचणीची तयारी ठेवा. चाचणीआधी आणि नंतर केंद्रीकरण मोजा. आरसा काही मायक्रॉन सरकला तरी वर्णपट पसरतो. आरसा धरणाऱ्या पट्ट्या फार घट्ट आवळू नका, काचेत ताण येऊन प्रतिमा बिघडते. आणि कंपनानंतर मोजणी निर्वातातच, अतिनीलमध्येच करा. दृश्य लेसरने सरळ दिसतंय म्हणून समाधान मानू नका.

कॅलिब्रेशनला, म्हणजे ज्ञात प्रकाशाशी यंत्र पडताळायला, वेळापत्रकात तीन महिने लिहा आणि ते कुणालाही कापू देऊ नका. प्रत्येक घटक वेगळा मोजलेला असतोच, पण पूर्ण दुर्बीण एकदा तरी निर्वात कक्षात, ज्ञात दिव्यासमोर, प्रमाणित फोटोडायोडच्या साक्षीने मोजायला हवी. घटकांचा गुणाकार आणि प्रत्यक्ष मोजमाप यांत तफावत आली नाही असं मी अजून पाहिलेलं नाही, आणि दर वेळी त्या तफावतीने काहीतरी शिकवलं.

उड्डाणाची रात्र. टेलिमेट्रीच्या खोलीत मी डिटेक्टरच्या पडद्यासमोर बसलेली असते, शेजारी सहकारी जॉयस्टिक घेऊन. साठाव्या सेकंदाच्या सुमाराला गिरकी थांबते. दार उघडतं. व्होल्टेज चढतं आणि पडद्यावर एकदम हिरव्या ठिपक्यांचा पाऊस: उरलीसुरली हवा आणि लायमन-अल्फाची चमक. उंची वाढते तसा पाऊस ओसरतो. कॅमेऱ्यात ओळखीचे तारे दिसतात, सहकारी रोख काही विकला सरकवतो. मग पडद्याच्या एका उभ्या पट्टीत ठिपके जरा दाट होताहेत असं वाटायला लागतं. एक, मग काही नाही, मग दोन. शंभर सेकंदांनी ती पट्टी रेघ होते. हजारो वर्षांपूर्वी त्या वायूतून निघालेला उजेड असा एकेक ठिपक्याने येताना बघणं, हे मला कितीही वेळा पाहिलं तरी पुरत नाही. त्या वेळी कुणी मध्येच बोलू नये म्हणून कोण कुठला आकडा, कोणत्या सेकंदाला, मोठ्याने वाचणार हे आधी कागदावर लिहून दहा वेळा सराव करा. रोख चुकला तर तो सुधारायला तुमच्याकडे वीसेक सेकंद असतात.

काळाचं म्हणाल तर पहिल्या उड्डाणाला तीन ते चार वर्षं धरा. एका पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने पहिल्या हिशेबापासून निकालापर्यंत सगळं हाताने करावं, एवढा हा काळ असतो, आणि म्हणूनच अवकाश-दुर्बिणी बनवणारे कितीतरी लोक या वाटेने तयार झाले.

पेलोड पॅराशूटने वाळूत उतरल्यावर काम निम्मंच झालेलं असतं. दार नीट बंद झालंय का बघा, आतला दाब वाचा, आणि एकही स्क्रू न सोडता ते तसंच त्याच निर्वात कक्षात, त्याच दिव्यासमोर परत ठेवा. उड्डाणाआधीचा आणि नंतरचा आकडा जुळला तरच मधल्या तीनशे सेकंदांच्या आकड्यांना अर्थ आहे. जुळला, तर तोच आरसा आणि तोच डिटेक्टर पुन्हा उडू शकतो. म्हणून दुसऱ्या उड्डाणाचं लक्ष्य पहिल्याच अर्जात लिहा. आणि अर्ज लिहिण्याआधी वरच्या गुणाकारात तुमची रेषा, तुमची स्लिट आणि तुमचा लेप घालून जो आकडा येईल तो मला पाठवा. आरसा केवढा, ते मग एका ओळीत सांगता येईल.